पावसाचे पाणी आणि कार्ब्युरेटर : हवेने थंड होणाऱ्या जुन्या मोटारींची पावसाळी निगा

जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांसमोर पावसाळ्यात एक प्रश्न नेहमी उभा राहतो. फोक्सवॅगन बीटलसारख्या, इंजिन मागच्या बाजूला असलेल्या आणि हवेने थंड होणाऱ्या मोटारीच्या कार्ब्युरेटरमध्ये पावसाचे पाणी शिरण्यापासून कसे रोखावे, हा तो प्रश्न. वरवर पाहता ही किरकोळ बाब वाटते. प्रत्यक्षात मात्र चार-पाच चमचे पाणी चुकीच्या ठिकाणी पोहोचले, तर इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि वर्षानुवर्षे सांभाळलेले इंजिन एका क्षणात निकामी होऊ शकते. अशा मोटारींचे सुटे भाग सहजासहजी मिळत नाहीत. म्हणूनच पाणी कोठून येते, ते आत गेल्यावर काय करते आणि त्याला कसे अडवावे, हे नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

मोटारीची रचना

फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्यावर आधारलेली बीटल ही जगातील सर्वाधिक काळ उत्पादनात राहिलेल्या मोटारींपैकी एक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ च्या अखेरीस जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे तिचे नियमित उत्पादन सुरू झाले. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी तिने फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' या मोटारीचा उत्पादनाचा विक्रम मोडला. शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील प्वेब्ला येथील कारखान्यातून बाहेर पडली. तोपर्यंत एकूण २ कोटी १५ लाखांहून अधिक बीटल तयार झाल्या होत्या.

या मोटारीत रेडिएटर नाही आणि पाण्याचा पंपही नाही. इंजिनाचे चार सिलिंडर दोन-दोनच्या जोडीने समोरासमोर आडवे बसवलेले असतात. डायनॅमोच्या दांड्यावर बसवलेला पंखा पट्ट्याच्या साह्याने फिरतो आणि बाहेरची हवा ओढून ती पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरांवर सोडतो. वेगात असताना हा पंखा सेकंदाला शेकडो लिटर हवा ओढून घेतो. ही हवा आत येण्यासाठी मागच्या काचेच्या खाली पत्र्यात आडव्या फटी ठेवलेल्या असतात. काही मॉडेलांमध्ये इंजिनाच्या झाकणावरही अशा फटी असतात. सोयीसाठी त्यांना झरोके म्हणता येईल.

अडचणीचे मूळ नेमके येथेच आहे. इंजिन थंड राहावे म्हणून झरोके उघडे असावे लागतात, आणि झरोके उघडे असले की त्यांतून पाऊसही आत येतो. छतावर पडलेले पाणी मागच्या काचेवरून ओघळत थेट याच झरोक्यांपाशी येते. मोटार उभी असेल तर पाणी गुरुत्वाकर्षणाने आत ठिबकते. मोटार चालू असेल तर पंख्याच्या ओढीबरोबर पाण्याचे तुषारही आत खेचले जातात.

फोक्सवॅगनच्याच कोंबी या व्हॅनमध्ये हवेच्या वाटा मागच्या दोन्ही बाजूंना, उंचावर आणि उभ्या पत्र्यात ठेवल्या होत्या. उभ्या पत्र्यातील फटींवर पाऊस सरळ पडत नाही. त्यामुळे ही अडचण तेथे बीटलइतकी तीव्र नसते. याउलट १९६९ ते १९७६ या काळात तयार झालेल्या पोर्शे ९१४ या मोटारीत इंजिन मध्यभागी असून त्याच्या अगदी वर आडवी जाळी आहे. म्हणूनच कारखान्याने त्या जाळीखाली पाणी झेलणारे तबक बसवले होते.

मूळ रचनेत पाण्याचा विचार

झरोक्यांतून थोडेफार पाणी आत येणारच, हे गृहीत धरूनच बीटलच्या मूळ इंजिनाची मांडणी झालेली आहे. इंजिनाच्या मध्यभागी एकच सोलेक्स कार्ब्युरेटर असे. त्याच्या तोंडावर, अनेक वर्षे, तेलाचे भांडे असलेला पत्र्याचा एअर फिल्टर बसवला जात असे. हा फिल्टर वरून पूर्ण बंद असतो आणि त्यात हवा बाजूच्या नळकांड्यातून शिरते. वरून पडलेले पाणी त्याच्या घुमटावरून घसरून खाली जाते. पंख्याने ओढलेले तुषार गरम सिलिंडरांवर पडून वाफ होऊन जातात आणि त्यापासून सहसा अपाय होत नाही.

उघड्या टपाच्या बीटलमध्ये कापडी टप दुमडून मागे ठेवला जातो. त्यामुळे काचेखाली झरोके ठेवण्यास जागा उरत नाही आणि ते इंजिनाच्या झाकणावर घ्यावे लागले. झाकणावरील झरोके कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर यांच्या अगदी जवळ येतात. अशा झाकणांच्या आतल्या बाजूस पाणी झेलून बाजूला सोडणारे पत्र्याचे तबक बसवण्यात येत असे. हे तबक निरुपयोगी समजून अनेकांनी नंतर काढून टाकले. आज अशी मोटार विकत घेणाऱ्याने झाकण उघडून ते जागेवर आहे किंवा नाही, हे प्रथम पाहावे.

सारांश असा की, मूळ फिल्टर, मूळ तबक आणि झाकणाच्या कडेचे रबर शाबूत असेल, तर सामान्य पावसात बीटलला विशेष त्रास होत नाही. त्रास सुरू होतो तो मूळ रचनेत बदल केल्यानंतर.

बदलातून उद्भवणारा धोका

जास्त शक्ती मिळावी म्हणून अनेक हौशी मोटारधारक एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवतात. वेबर, डेलॉर्तो यांसारख्या बनावटीचे हे कार्ब्युरेटर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येकी दोन सिलिंडरांच्या डोक्यावर उभे असतात. त्यांवर बसवलेले फिल्टर आकाराने लहान असतात. ते स्पंज किंवा सुती जाळीचे असून चारही बाजूंनी उघडे असतात. काहींचा वरचा भागही जाळीचाच असतो. काही जण शोभेसाठी फिल्टर न लावता नुसती कर्ण्यासारखी तोंडे उघडी ठेवतात. जास्त हवा मिळावी म्हणून झाकण किंचित उचलून धरणारे टेकूही लावले जातात. अशा टेकूमुळे झाकणाच्या कडेचे रबर निरर्थक ठरते आणि पाण्याला नवी वाट मिळते.

यातील धोका साध्या हिशेबाने लक्षात येतो. बीटलच्या १६०० सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास ८५.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ६९ मिलिमीटर असते. म्हणजे एका सिलिंडरची क्षमता सुमारे ३९६ घन सेंटिमीटर होते. दाबाचे प्रमाण ७.५ ला १ धरले, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी पोकळी सुमारे ६१ घन सेंटिमीटर भरते. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे या पोकळीपेक्षा जास्त पाणी सिलिंडरमध्ये साचले, तर पिस्टनची वाट पूर्णपणे अडते.

आता पावसाचा हिशेब पाहू. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास तो मुसळधार मानला जातो. कार्ब्युरेटरचे ४० मिलिमीटर व्यासाचे तोंड उघड्यावर असेल, तर ६४.५ मिलिमीटर पावसात त्यात सुमारे ८१ मिलिलिटर पाणी पडते. कोकणात असा पाऊस पावसाळ्यात अनेकदा होतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. झाकण आणि झरोके यांमुळे सगळे पाणी तोंडापर्यंत पोहोचत नाही, हे खरे. परंतु काचेवरून वाहत येणारे पाणी एकाच ठिकाणी ठिबकू लागले, तर हाच आकडा वाढूही शकतो.

मूळ इंजिनात कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये लांब आडवी नळी असते. शिरलेले पाणी आधी त्या नळीत साचते. दोन कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात मात्र ही वाट अगदी आखूड आणि जवळजवळ सरळ खाली जाणारी असते. मोटार उभी असताना ज्या सिलिंडरचा हवा घेणारा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, त्यात पाणी थेट उतरते. व्हॉल्व्ह बंद असेल, तर ते त्याच्या पाठीशी थांबून राहते आणि स्टार्टर फिरवताच आत ओढले जाते. सकाळी चावी फिरवल्यावर इंजिन एक धक्का देऊन जागीच अडते. कोणी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला, किंवा इंजिन इतर सिलिंडरांवर सुरू झाले, तर कनेक्टिंग रॉड वाकण्याचा संभव असतो.

थोडे पाणी, निराळा त्रास

प्रत्येक वेळी नुकसान इतके मोठे नसते. हवेबरोबर सूक्ष्म तुषाराच्या रूपाने पाणी सिलिंडरमध्ये गेल्यास ते वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते. दुसऱ्या महायुद्धातील काही विमानांच्या इंजिनांत तर अधिक शक्तीसाठी पाण्याचा फवारा मुद्दाम सोडला जात असे. म्हणून ओलसर हवेची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

त्रास होतो तो थेंबांच्या रूपाने कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या कप्प्यात, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, उतरणाऱ्या पाण्याचा. या कप्प्याला हवेचे छिद्र असते आणि अनेक कार्ब्युरेटरांत ते फिल्टरच्या आत, वरच्या बाजूस उघडते. त्यातून शिरलेले पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते, आणि मुख्य जेटला पेट्रोल पुरवणारी वाटही तळाजवळच असते. जेटचे छिद्र अत्यंत बारीक असते. १२५ क्रमांकाच्या जेटचे छिद्र सव्वा मिलिमीटर, तर ५५ क्रमांकाच्या आयडल जेटचे छिद्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडे मोठे असते. पाण्याचा एक थेंब पृष्ठताणामुळे अशा छिद्रात अडकून बसू शकतो. मग इंजिन मिसिंग करू लागते, सिग्नलपाशी बंद पडते, वेग घेताना अडखळते आणि कधी कधी कार्ब्युरेटरमधून उलटा फटाका देते.

पाणी आत राहिले तर पुढचे नुकसान सावकाश होते. कार्ब्युरेटरचे शरीर बहुधा जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. ओलाव्याने त्यावर पांढरी भुकटी धरते आणि ती सुटून जेटमध्ये अडकते. थ्रॉटलचा दांडा आणि स्प्रिंग गंजल्यास ॲक्सिलरेटर पूर्ण परत न येण्याचा धोका संभवतो. ही बाब थेट सुरक्षिततेशी निगडित आहे.

दोष कार्ब्युरेटरचा की वीजप्रवाहाचा

पावसात बंद पडलेल्या प्रत्येक मोटारीचा दोष कार्ब्युरेटरवर टाकणे योग्य नव्हे. बऱ्याचदा खरा दोष डिस्ट्रिब्युटरची टोपी, कॉइल किंवा प्लगच्या तारा ओल्या होण्यात असतो. तारा जुन्या आणि तडकलेल्या असतील, तर ओलाव्यामुळे विजेची ठिणगी प्लगपर्यंत न पोहोचता वाटेतच निसटते. अंधारात झाकण उघडून पाहिल्यास तारांभोवती निळसर ठिणग्या दिसू शकतात. टोपी आणि तारा कोरड्या फडक्याने पुसल्यावर इंजिन लगेच सुधारले, तर दोष विजेचा समजावा.

पुसूनही फरक पडला नाही, तर इंजिन थंड झाल्यावर फ्लोट चेंबरमधील थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून काही मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळ्या थराच्या किंवा गोळीच्या रूपाने दिसते. हे काम मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर करणे अत्यावश्यक आहे.

तिसरी शक्यता थंड प्रदेशांतील आहे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा थंड होते आणि दमट हवेतील बाष्प आत गोठते. बाहेरचे तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही हे घडू शकते. बीटलमध्ये यासाठी कार्ब्युरेटरखालच्या नळीला सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूने ऊब देण्याची व्यवस्था आहे. तिची नळी काजळीने बुजल्यास वरच्या नळीवर दव किंवा हिम धरते. हा त्रास पावसाच्या पाण्याचा नसून बुजलेल्या नळीचा असतो.

पाणी अडवावे, हवा नव्हे

उपाय योजताना एक तत्त्व कायम ध्यानात ठेवावे लागते. पाण्याची वाट बदलायची आहे, हवेची वाट बंद करायची नाही. झरोक्यांवर प्लास्टिक किंवा रबराचा पत्रा घट्ट चिकटवून मोटार चालवणे हा सर्वात सोपा आणि सर्वात घातक उपाय होय. त्यामुळे पंख्याला हवा मिळत नाही, इंजिन तापते आणि पाण्यापासून वाचवलेले इंजिन उष्णतेने खराब होते.

पहिला उपाय फिल्टरचा आहे. मूळ बंद फिल्टर उपलब्ध असल्यास तोच वापरावा. तेलाच्या भांड्याच्या फिल्टरमधील तेल पावसाळ्यात अधूनमधून पाहावे. ते दुधाळ झाले असल्यास आत पाणी शिरले असे समजून ते बदलावे. दोन कार्ब्युरेटर असलेल्या मोटारीत फिल्टरचा वरचा भाग जाळीचा नसून धातूच्या अखंड पत्र्याचा असावा. हा पत्रा फिल्टरच्या कडेबाहेर थोडा पुढे आलेला असल्यास घराच्या वळचणीप्रमाणे पाणी बाजूला पडते. फिल्टरवर चढवण्याचे, पाणी झटकणारे विरळ कापडी आवरणही मिळते. ते चिखलाने भरल्यास हवा अडते, म्हणून धुऊन कोरडे ठेवावे लागते.

दुसरा उपाय तबकाचा आहे. झरोक्यांच्या खाली पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे उतरते तबक बसवून त्याच्या कडा पन्हळीसारख्या वळवता येतात. पन्हळीच्या सखल टोकाला रबरी नळी जोडून पाणी जमिनीकडे सोडले जाते. येथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तबक आणि झरोके यांच्यामध्ये हवा वळून जाण्यासाठी पुरेशी मोकळी जागा हवी. ही जागा झरोक्यांच्या एकूण उघड्या क्षेत्रफळापेक्षा कमी नसावी. दुसरे, नळीतील पाणी पंख्याच्या पट्ट्यावर, डिस्ट्रिब्युटरवर किंवा तापलेल्या सायलेन्सरवर पडू नये. तिसरे, इंजिनाभोवतीच्या आडव्या पत्र्याला मोठी भोके पाडू नयेत. हा पत्रा खालची गरम हवा वर येऊ देत नाही. त्याला भोक राहिल्यास पंखा तीच गरम हवा पुन्हा ओढू लागतो. नळीसाठी छिद्र करावेच लागले, तर त्यात घट्ट बसणारे रबरी वॉशर घालावे.

तिसरा उपाय सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित आहे. झाकणाच्या कडेचे रबर कडक झाले किंवा तुटले असल्यास बदलावे. पाणी वाहून जाण्याच्या वाटा आणि छिद्रे यांत पाने, माती, झाडांचा चीक साचतो. ती पावसाळ्यापूर्वी स्वच्छ करावीत. आधीचे तबक चांगले असूनही केवळ नळी बुजल्यामुळे ते भरून वाहते आणि सगळे पाणी एकदम कार्ब्युरेटरवर ओतले जाते.

घरच्या घरी परीक्षा

उपाय यशस्वी झाला की नाही, हे पाहण्यासाठी पावसाची वाट पाहण्याची गरज नाही. इंजिन पूर्ण थंड असताना कार्ब्युरेटरची तोंडे झाकून घ्यावीत आणि फिल्टर, डिस्ट्रिब्युटर व कॉइल यांवर वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरावेत. झाकण लावून झारीने मागच्या काचेवर सावकाश दोन-तीन लिटर पाणी सोडावे. मग झाकण उघडून कोणता कागद कोठे भिजला, ते पाहावे. पाणी नेमके कोठे ठिबकते, हे यातून स्पष्ट होते आणि तबकाची जागा ठरवता येते. परीक्षा झाल्यावर सर्व कागद आणि झाकणे मोजून बाहेर काढावीत.

तबक बसवल्यानंतर हवेचीही परीक्षा घ्यावी. तेलाचे तापमान दाखवणारा काटा मोटारीत असल्यास त्याच रस्त्यावर, साधारण त्याच वेळी, तबकाशिवाय आणि तबकासह मोटार चालवून तापमान ताडून पाहावे. तबकामुळे तापमान स्पष्टपणे वाढत असेल, तर मोकळी जागा वाढवणे भाग आहे.

मोटार उभी असताना

कार्ब्युरेटरमध्ये शिरणारे बरेच पाणी मोटार उभी असतानाच शिरते. छपराखालची जागा हा सर्वोत्तम उपाय होय. ती नसल्यास हवा खेळती ठेवणारे कापडी आवरण घालावे. साधे प्लास्टिक अंगासरशी बांधल्यास पाऊस अडतो, पण आतला ओलावा बाहेर जात नाही आणि पत्रा व कार्ब्युरेटर दोन्ही गंजतात. आवरण मोटार थंड झाल्यावरच घालावे.

मोटार दीर्घकाळ उघड्यावर राहणार असेल, तर कार्ब्युरेटरच्या तोंडावर घट्ट बसणारी झाकणे लावता येतात. चिंधी किंवा बोळा कोंबून ठेवणे मात्र धोक्याचे आहे. विसरून इंजिन सुरू केल्यास तो आत ओढला जातो, आणि पेट्रोलने भिजलेली चिंधी आगीला निमंत्रण देते. झाकणे लावली असल्यास स्टिअरिंगवर लाल फीत किंवा चिठ्ठी बांधून ठेवावी.

मोटार धुताना पाण्याचा जोरदार झोत झरोक्यांवर कधीही मारू नये. पावसापासून जपलेल्या मोटारीत धुलाईच्या नळानेच पाणी शिरल्याचे प्रकार घडतात.

पेट्रोलमधून येणारे पाणी

झरोके आणि फिल्टर यांची कितीही काळजी घेतली, तरी पाणी पेट्रोलच्या टाकीतूनही कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते. बीटलची टाकी पुढच्या बाजूस असते. टाकीच्या टोपीचे रबर झिजले असल्यास पावसाचे पाणी तेथून आत उतरते. टाकी दीर्घकाळ अर्धी रिकामी राहिल्यास आतल्या हवेतील बाष्पही तिच्या भिंतींवर जमते.

भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठण्यात आले. इथेनॉल पाणी शोषून घेते. ठरावीक मर्यादेपर्यंत हे पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहते. ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र येऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमका तोच थर ओढते. जुन्या मोटारींचे रबरी भाग आणि कार्ब्युरेटरचे धातू या इंधनासाठी बनवलेले नव्हते. म्हणून पावसाळ्यात महिनोन्महिने एकच पेट्रोल टाकीत ठेवू नये, टोपीचे रबर बदलावे, इंधनाच्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारच्या घ्याव्यात आणि इंधनाचा फिल्टर वेळोवेळी तपासावा.

पाणी शिरलेच तर

रात्रभर पाऊस झाला असेल आणि फिल्टर ओला आढळला, तर प्रथम स्टार्टर मारण्याचा मोह टाळावा. बॅटरीची तार सोडवून फिल्टर काढावा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात पाणी दिसते का, ते पाहावे. पाणी दिसल्यास ते सुती कापडाने किंवा पिचकारीने काढून घ्यावे. चारही प्लग काढून इंजिन पुलीच्या साह्याने हाताने सावकाश फिरवावे. सिलिंडरमधील पाणी प्लगच्या छिद्रांतून बाहेर येते. फिरवताना कोठेही अडल्यास जोर लावू नये.

त्यानंतर फ्लोट चेंबर रिकामे करून स्वच्छ करावे आणि जेट काढून हवेच्या झोताने साफ करावेत. जेटमध्ये तार घालू नये, कारण छिद्र मोठे झाल्यास पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. तेल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास पिस्टनच्या कड्यांजवळून पाणी खाली झिरपले असे समजून तेल बदलावे. सर्व भाग कोरडे झाल्यावर आणि उडालेले पेट्रोल पूर्ण निघून गेल्यावरच प्लग बसवून इंजिन सुरू करावे. इंजिन सुरू झाल्यावर ते पूर्ण तापेपर्यंत चालू ठेवल्यास उरलेला ओलावा निघून जातो.

जतनाचा व्यापक अर्थ

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम लागू केले. मूळ स्वरूपात जतन केलेल्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या वाहनांना त्यानुसार 'व्हीए' अक्षरांचा विशेष क्रमांक मिळतो. अशी वाहने रोजच्या वापरासाठी नसून प्रदर्शने, फेऱ्या, दुरुस्ती आणि इंधन भरणे यांसाठीच रस्त्यावर आणता येतात. त्यामुळे ही मोटार बहुतेक वेळ उभीच असते आणि वर पाहिल्याप्रमाणे उभ्या मोटारीलाच पाण्याचा धोका अधिक असतो.

बीटलच्या निर्मात्यांनी पावसाला पूर्णपणे बाहेर ठेवण्याचा प्रयत्न केला नव्हता. आलेले पाणी अपाय न करता बाहेर जावे, एवढीच व्यवस्था त्यांनी केली होती. बंद फिल्टर, उतरते तबक, शाबूत रबर आणि मोकळी पन्हळ या चार गोष्टी जागेवर असतील, तर ती व्यवस्था आजही आपले काम चोख बजावते. मृगाच्या पहिल्या सरींपूर्वी एक सकाळ या चार गोष्टींच्या तपासणीसाठी राखून ठेवणे, हा जुन्या मोटारीच्या निगेतील सर्वात कमी खर्चाचा आणि सर्वाधिक लाभाचा भाग ठरेल.